छोट्या कौटुंबिक वायनरीत वाईन चाखायला जाताना

मुंबई-पुण्याहून नाशिकला येणारा पाहुणा हल्ली पंचवटी आणि त्र्यंबकेश्वराबरोबर एखादी वायनरीही यादीत धरूनच येतो. गंगापूर धरणाच्या परिसरातील मोठ्या वायनरींत त्याची सोय सहज होते, कारण तिथे फेऱ्यांच्या वेळा ठरलेल्या असतात, माहिती देणारा माणूस असतो आणि खाण्यापिण्याची व्यवस्थाही असते. पुढे लिहिले आहे ते मात्र दिंडोरी, निफाड, इगतपुरी या तालुक्यांत आढळणाऱ्या वेगळ्या जागांविषयी आहे. तिथे जे कुटुंब वेल छाटते तेच वाईन करते, तेच बाटल्या भरते आणि आपण गेलो की तेच हात पुसून आपल्यासमोर पेला ठेवते. अशा ठिकाणी आपण ग्राहक असतो हे खरे असले, तरी त्याआधी आपण कोणाच्या तरी मळ्यात आणि बहुधा घरातच गेलेले असतो. जाण्याची सगळी रीत या एका गोष्टीवरून ठरते.

हे मला पहिल्याच खेपेला कळायला हवे होते. फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही नऊ जण न कळवता अशाच एका मळ्यावर जाऊन थडकलो. रात्रभर द्राक्षांची काढणी चालली होती, क्रेट उतरवले जात होते, मशीन सुरू होते आणि घरातली सगळी माणसे घड निवडण्याच्या टेबलाभोवती उभी होती. काकूंनी ते काम सोडून आमच्यासाठी चहा टाकला. कोणी एका शब्दाने बोलले नाही, पण आमच्यामुळे त्यांचा माल उन्हात थांबला होता हे दिसत होते. आम्ही चहा घेऊन, काहीही न चाखता परत फिरलो. त्यानंतर मी फोन केल्याशिवाय कोणत्याही वायनरीच्या रस्त्याला लागलेले नाही.

फोन करतानाही आपली तारीख आणि वेळ आधी सांगू नये, त्यांची सोय आधी विचारावी. "दादा, आम्ही चौघे येऊ म्हणतो, येत्या पंधरा दिवसांत तुमचं काम कधी हलकं असेल?" असे विचारले, की समोरचा माणूस मोकळेपणाने दिवस सांगतो आणि त्या दिवशी खरोखर आपल्यासाठी वेळ राखून ठेवतो. किती जण येणार, सोबत लहान मुले आहेत का, चाखण्याचे किती पैसे पडतात आणि बाटल्या तिथेच विकत मिळतात का, हे त्याच वेळी विचारून घ्यावे. सहापेक्षा जास्त माणसे नेऊ नयेत असे माझे मत आहे, कारण टाक्यांच्या खोलीत त्याहून अधिक लोकांना नीट उभे राहता येत नाही आणि मागच्यांना काहीच ऐकू जात नाही. तारीख ठरवताना दिनदर्शिकाही पाहावी. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी अशा कोरड्या दिवशी आणि मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत मद्यविक्री बंद असते. महाराष्ट्रात वाईन पिण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, त्यामुळे बरोबरच्या तरुण मंडळींनी ओळखपत्र जवळ ठेवावे. दिंडोरी-वणीच्या बाजूला जाणार असाल, तर नवरात्रात सप्तशृंगी गडाच्या यात्रेमुळे तो रस्ता भरलेला असतो हेही लक्षात असू द्यावे.

कोणत्या महिन्यात जावे, हे आपल्याला काय पाहायचे आहे यावर अवलंबून आहे आणि त्यासाठी नाशिकच्या वेलीचे वर्ष समजून घ्यावे लागते. युरोपात थंडीत वेल पाने गाळून झोपतो आणि वर्षातून एकदाच छाटला जातो. आपल्याकडे तो तसा झोपत नाही, म्हणून त्याची छाटणी दोनदा करतात. माल निघाल्यावर एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, वेल ओलांड्यापर्यंत, म्हणजे तारेवरच्या आडव्या जुन्या फांदीपर्यंत उघडा पडतो आणि उन्हाळ्यात फुटणाऱ्या नव्या काड्यांमध्ये पुढच्या घडांची तयारी होते. पावसाळा ओसरू लागला, की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी होते आणि फळ धरते ते या दुसऱ्या छाटणीनंतर. म्हणूनच जुलैत येणाऱ्याला हिरवीगार बाग दिसते पण घड एकही दिसत नाही, आणि तो बिचारा हिरमुसतो. वाईनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारीत सुरू होऊन मार्चपर्यंत चालते. पांढऱ्या वाईनची द्राक्षे आधी उतरतात, तांबड्या वाईनची नंतर. या दिवसांत निफाडचा पारा कधी कधी एक आकडी होतो, दुपारी मात्र ऊन चटका देते. दिवस आणि रात्र यांतला हा फरक द्राक्षातला आंबटपणा टिकवून ठेवतो, आणि आंबटपणा टिकला नाही तर वाईन सपक लागते.

काढणीच्या दिवसांत जायचे असेल तर पहाटेच जायला परवानगी मागावी, कारण द्राक्षे थंड असतानाच टाकीपर्यंत पोहोचावीत म्हणून खुडणी रात्री किंवा उजाडण्यापूर्वी करतात. शांतपणे बसून चाखायचे आणि घरच्यांशी निवांत बोलायचे असेल, तर नोव्हेंबर-डिसेंबर हा काळ मला सर्वांत चांगला वाटतो. वेलीवर घड आलेले असतात, आधीच्या हंगामाची वाईन टाकीतून किंवा बाटलीतून चाखायला तयार असते आणि घरच्यांच्या डोक्यावर काढणीचे ओझे नसते. तरीही अवकाळी पावसाचा इशारा असलेल्या आठवड्यात जाऊ नये. ढग दाटले की डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांच्या धास्तीने फवारणीची धावपळ सुरू होते, आणि तशा वेळी माणूस आपल्याशी बोलत असला तरी त्याचे डोळे आभाळाकडे असतात.

जाण्याच्या दिवशी सकाळी मिसळ खाऊ नये. नाशिककराला हे सांगणे जिवावर येते, पण तिखट तर्रीने पोळलेल्या जिभेला वाईनमधले मद्य आणखी झोंबते, तांबड्या वाईनचा तुरटपणा कडवट लागतो आणि बारीक चवी तर कळतच नाहीत. मिसळ परतीच्या वाटेवर खावी. रिकाम्या पोटीही जाऊ नये. पोहे, उपमा, तूप लावलेली भाकरी असे साधे काही खाऊन निघावे. अत्तर, परफ्यूम आणि मोगऱ्याचा गजरा त्या दिवशी घरी ठेवावा. वाईनची निम्म्याहून अधिक चव नाकाने कळते आणि शेजारच्याच्या अत्तराने सगळ्यांच्या पेल्यांवर पाणी पडते. पान, तंबाखू, बडीशेप आणि च्युइंगम यांनाही हेच लागू आहे.

गाडी कोण चालवणार, हे निघण्यापूर्वीच ठरवावे आणि त्याने एकही घोट गिळू नये. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य आढळल्यास गुन्हा होतो. चाखायला एका वेळी साधारण ३० मिलिलिटर वाईन ओततात. सहा नमुने गिळले की १८० मिलिलिटर, म्हणजे बाटलीचा जवळपास चौथा भाग पोटात जातो. मळ्यांकडचे रस्ते अरुंद असतात आणि हंगामात ट्रॅक्टर व उसाच्या बैलगाड्या समोरून येत असतात. नाशिकहून वाहनचालक घेऊन जाणे परवडत असेल तर तेच करावे.

पोहोचल्यावर थेट पेल्याकडे वळू नये, आधी बागेत नेण्याची विनंती करावी. या भेटीचा सर्वांत मोलाचा भाग तिथे आहे आणि मोठ्या ठिकाणी तो क्वचितच इतक्या जवळून मिळतो. मागे एकदा जानेवारीअखेरीस दिंडोरीकडच्या एका मळ्यात घरातले नाना आम्हाला शिराझ या तांबड्या वाईनच्या द्राक्षांच्या ओळीत घेऊन गेले. त्यांनी एका घडाचा वरचा, मधला आणि टोकाचा असे तीन मणी तोडले, चिमटीत दाबून त्यांचा रस साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकला, ती वीतभर लांबीची नळी डोळ्याला लावून उजेडाकडे पाहिले आणि म्हणाले, "बावीस. अजून पाच-सहा दिवस." बावीस म्हणजे बावीस ब्रिक्स, म्हणजे रसात वजनाने सुमारे २२ टक्के साखर, जिच्यातून आंबल्यावर साधारण साडेबारा टक्क्यांच्या आसपास मद्य तयार होते. पण त्यांचा निर्णय नुसत्या आकड्यावर नव्हता. त्यांनी बी चावून पाहायला सांगितली. कच्ची बी हिरवी असते आणि कडू लागते, पिकलेली तपकिरी होते आणि दाताखाली भाजलेल्या शेंगदाण्यासारखी कुरकुरते. आमच्या घडातल्या बिया अजून अर्ध्या हिरव्या होत्या.

मग त्यांनी एक काळा मणी माझ्या तळहातावर फोडला. रस जवळजवळ पाण्यासारखा बिनरंगी होता. सालीचा तुकडा बोटाने चोळला तेव्हा मात्र हातावर जांभळा डाग उठला आणि तो संध्याकाळपर्यंत गेला नाही. तांबड्या वाईनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, म्हणून तिचा रस सालींसकट आंबवतात, आणि पांढऱ्या वाईनसाठी रस आधीच पिळून वेगळा करतात, हे त्या एका डागामुळे कायमचे डोक्यात बसले. वाचकांनीही हा प्रयोग जरूर करावा, मात्र विचारल्याशिवाय एकही मणी तोडू नये. घडांचे नुकसान हा एक भाग झाला, पण नुकतीच फवारणी झालेली असेल तर तो मणी खाण्याजोगाही नसतो. आपल्या खाण्यातल्या बिनबियांच्या थॉमसन द्राक्षांच्या मानाने ही द्राक्षे लहान, जाड सालीची आणि बियांची असतात, आणि वेलीवर घड मुद्दाम कमी ठेवलेले असतात, म्हणजे जे आहेत त्यांत चव एकवटते. बाजारभावाच्या हिशेबाने पाहिले तर हा निर्णय शेतकऱ्याला सोपा नसतो. तो त्याने का घेतला, हे विचारले तर बहुतेक जण मनापासून सांगतात.

टाक्यांच्या खोलीत जाताना चपला घसरणाऱ्या नसाव्यात, कारण तिथली फरशी सतत धुतलेली असते. रस आंबत असताना कार्बन डायऑक्साइड वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो आणि तो हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या तोंडाशी व खालच्या बाजूला साचतो. त्यामुळे टाकीत वाकून वास घेण्याचा मोह कटाक्षाने टाळावा आणि लहान मुलांचा हात सोडू नये. हा धोका खरा आहे. घरच्या माणसाने नमुना काढून पेल्यात दिला की पुरे. टाकीतली तरुण वाईन गढूळ दिसते, जिभेवर किंचित चुरचुरते आणि तिला यीस्टचा, म्हणजे आंबलेल्या पिठासारखा वास येतो. त्यात काही बिघडलेले नसते. ओक लाकडाची पिंपे असतील तर ती किती आहेत हे मोजून पाहावे. नेहमीच्या एका पिंपात २२५ लिटर वाईन मावते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या ३०० बाटल्या. ज्या घरात अशी चारच पिंपे आहेत, त्या घरी त्या वाईनच्या वर्षाला जेमतेम १,२०० बाटल्या निघणार. 'राखून ठेवलेली' बाटली महाग का असते, हे त्या मोजणीतून समजते.

आता प्रत्यक्ष चाखण्याविषयी. क्रम साधारण असा असतो: फेसाळणारी वाईन असेल तर ती आधी, मग पांढरी, मग गुलाबी, मग तांबडी आणि गोड वाईन शेवटी. हलक्या चवीनंतर भारी चव आली तर दोन्ही कळतात, उलट केले तर हलकीची चव हरवते. पेला दांडीला धरावा, म्हणजे हाताच्या उबेने वाईन तापत नाही. पांढरा कागद मागून घ्यावा आणि पेला त्यावर तिरका धरून रंग पाहावा. मग न हलवता एकदा वास घ्यावा, पेला टेबलावरच दोन-तीनदा गोल फिरवून पुन्हा घ्यावा. दोन वासांमध्ये पुष्कळदा एवढा फरक पडतो, की आपण दुसराच पेला उचलला असे वाटते.

वासाला नाव देताना लोक अडखळतात, कारण त्यांना वाटते की आपल्याला परदेशी फळांची नावे पाठ असायला हवीत. तसे मुळीच नाही. आपल्या स्वयंपाकघरातले आणि अंगणातले शब्द पुरेसे आहेत आणि कित्येकदा अधिक नेमके आहेत. सोव्हिन्यॉं ब्लॉं या पांढऱ्या वाईनमध्ये मला नुकतीच चिरलेली हिरवी मिरची आणि कापलेले गवत जाणवते, शेनिन ब्लॉं या दुसऱ्या पांढऱ्या वाईनमध्ये पिकायला आलेला पेरू आणि अननस, शिराझमध्ये जांभूळ आणि त्यामागून ताजी कुटलेली काळी मिरी. शिराझमधली मिरी हा कल्पनेचा खेळ नाही. द्राक्षाच्या सालीत रोटंडोन नावाचा जो घटक असतो, तोच काळ्या मिरीतही असतो. काबर्ने सोव्हिन्यॉं या तांबड्या वाईनमध्ये ढोबळी मिरचीचा वास फार पुढे आला तर द्राक्षे पुरेशी पिकण्यापूर्वी काढली असावीत, असा अंदाज बांधता येतो. कोणाला काही वेगळे जाणवले तर ते चूक ठरत नाही. आमच्याबरोबर आलेल्या मावशींनी एका तांबड्या वाईनला "आमसुलाच्या डब्याचा वास" असे म्हटले, तेव्हा नानांनी आपल्या वहीत ते लिहून घेतले.

घोट लहान घ्यावा आणि लगेच गिळू नये. वाईन तोंडभर फिरवावी, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढावी आणि मग तीन गोष्टींकडे एकेक करून लक्ष द्यावे. गिळल्यावर किंवा थुंकल्यावर गालांच्या आत लाळ सुटत राहिली, तर ती आंबटपणाची खूण आहे. हिरड्यांवर आणि जिभेवर हिरडा चघळल्यासारखी कोरड आली, तर तो सालीतून येणाऱ्या टॅनिन नावाच्या घटकाचा तुरटपणा आहे. तिसरी गोष्ट म्हणजे वाईनचा भार: ती ताकासारखी पातळ वाहते की सायीच्या दुधासारखी जिभेवर रेंगाळते, एवढेच पाहायचे. या तिन्हींपैकी एकच पुढे येऊन बाकीच्यांना दडपत नसेल, तर वाईन जमून आली आहे असे समजावे. चव मनात दहापर्यंत मोजूनही टिकली, तर ती बाटली विकत घेण्याच्या यादीत लिहावी.

थुंकण्याविषयी आपल्या लोकांना फार संकोच वाटतो. पाहुण्याने यजमानाने दिलेले थुंकून टाकावे, हे आपल्या संस्कारात बसत नाही आणि तो संकोच मला समजतो. पण वाईन करणारा माणूस स्वतः दिवसभर चाखतो आणि थुंकतो, त्यावाचून त्याचे काम चालत नाही. टेबलावर ठेवलेले भांडे त्यासाठीच असते. त्यात थुंकणे किंवा पेल्यातली उरलेली वाईन ओतणे यात कोणाचाही अपमान नाही. उलट शेवटच्या पेल्यापर्यंत डोके ताजे ठेवून नेमके मत देणारा पाहुणा त्यांना अधिक आवडतो. दोन वाईनच्या मध्ये पाण्याचा घोट आणि साध्या पावाचा तुकडा घ्यावा. चिवडा समोर आला तर तो शेवटासाठी राखावा.

एखादी वाईन आवडली नाही तर तसे सांगावे, मात्र कारणासह. "मला जरा जास्त तुरट लागली" हे वाक्य उपयोगी पडते, "बेकार आहे" हे पडत नाही. ओल्या पुठ्ठ्यासारखा किंवा बुरशी आलेल्या गोणपाटासारखा वास आला तर तो बहुधा बुचातून आलेला दोष असतो, तो हळू आवाजात जरूर दाखवावा, दुसरी बाटली उघडतात. व्हिनेगरसारखा झणझणीत वास आला तरी तेच करावे. कुजक्या अंड्यासारखा हलका वास पेला फिरवल्यावर पुष्कळदा निघून जातो, म्हणून त्यावर घाईने बोलू नये.

बोलण्याच्या ओघात काय विचारावे, असे मला अनेक जण विचारतात. मी नेहमी विचारते की मागच्या हंगामात सर्वांत अवघड काय गेले. या प्रश्नाला तयार उत्तर नसते. कोणी गारपिटीचे सांगते, कोणी नेमकी काढणी सुरू असताना वीज गेल्याने टाक्या थंड ठेवण्यासाठी केलेल्या धडपडीचे, आणि ते ऐकल्यावर तीच वाईन पुन्हा चाखली तर तिच्यात अधिक काही सापडते. आजोबांच्या काळी इथे काय पिकत होते, हाही चांगला प्रश्न आहे. राज्याचे द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण २००१ साली आले आणि त्यानंतर अनेक बागाईतदार वाईनकडे वळले. त्यातले किती टिकले आणि कसे टिकले, हे त्यांच्याच तोंडून ऐकावे. कर्जाचे आणि नफ्याचे आकडे मात्र आपण होऊन विचारू नयेत.

चाखण्याचे पैसे ठरलेले असतील ते न घासता द्यावेत, आणि ते घेत नसतील तर निदान दोन बाटल्या घ्याव्यात. एका बाटलीत सव्वा किलोच्या आसपास द्राक्षे जातात आणि त्यांच्यामागे वर्षभराची दोन छाटण्यांची मजुरी असते. बिल मागून घ्यावे आणि प्रवासात बाटल्यांबरोबरच ठेवावे. वणीवरून पुढे सापुताऱ्याला जाण्याचा बेत असेल तर बाटल्या आधी घरी पोहोचवाव्यात, कारण गुजरातेत दारूबंदी आहे आणि सीमेवर तपासणी होते.

परत येताना बाटल्या गाडीच्या डिकीत उन्हात ठेवून मिसळ खायला बसू नये. मार्चच्या दुपारी बंद गाडीत तासाभरात वाईन इतकी तापते, की बूच वर सरकते आणि चव शिजल्यासारखी होते. थर्माकोलचा खोका आणि त्यात ओले फडके एवढे पुरते. घरी बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवाव्यात, म्हणजे बूच सुकत नाही, आणि फिरकीच्या झाकणाच्या कशाही ठेवल्या तरी चालतात. फ्रिजच्या माथ्यावर किंवा गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नयेत, कपाटाचा खालचा अंधारा कप्पा त्यांच्यासाठी चांगला. तांबडी वाईन आपल्या घरातल्या तपमानाला देऊ नये, पिण्यापूर्वी वीस-पंचवीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावी. उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवली तर दोन-तीन दिवस बरी राहते. बाटली उघडल्यावर ती कशाबरोबर प्यायली आणि कशी लागली, हे दोन ओळींत त्या घरी कळवावे. नानांच्या वहीत आमसुलाच्या डब्याखाली आता आमच्या घरच्या भरल्या वांग्यांचीही नोंद आहे.